तिकीट खपलं, खुर्ची रिकामी: कॉलेज फुटबॉलचे प्रेक्षक जातात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलीकडे अमेरिकेत आलो होतो. ती शिकते त्या विद्यापीठाचा फुटबॉलचा सामना बघायला तिने हौसेने नेलं. वरचे स्टँड सुरुवातीलाच निम्मे मोकळे होते आणि मध्यंतरानंतर विद्यार्थ्यांचा कोपराही ओस पडला. दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र प्रेक्षक साठ हजारांच्या वर छापले होते. एवढी माणसं होती कुठे? लोकांना रस उरला नसेल तर विद्यापीठं एवढाली स्टेडियमं चालवतात कशाच्या जोरावर? पुढच्या ऑक्टोबरात आम्ही परत येतोय, तेव्हा पुन्हा जावं का?"

आधी एक खुलासा: इथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकन खेळ, आपण फुटबॉल म्हणतो तो इथे 'सॉकर'. मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या, एका सरकारी विद्यापीठाच्या तिकीट ऑफिसात मी सोळा वर्षं काढली. एम.एस. करताना तासावर पैसे मिळतात म्हणून खिडकीत बसलो आणि तिथेच चिकटलो. शेवटची आठ-नऊ वर्षं गेटवरच्या स्कॅनचा हिशेब माझ्याकडे होता. तुम्ही पेपरात वाचलात तसला आकडा तयार होताना मी पाहिलाय, आणि जो छापला जात नाही तोही पाहिलाय.

पेपरातला आकडा खोटा नसतो, फक्त तो माणसांचा नसतो. त्याला 'जाहीर उपस्थिती' म्हणतात आणि तो असतो वाटलेल्या तिकिटांचा. विकलेली तिकिटं, प्रायोजकांना दिलेली, विद्यार्थ्यांच्या नावावर चढवलेली, खेळाडूंच्या घरच्यांची, गावातल्या शाळांना फुकट दिलेली, सगळी त्यात. काही ठिकाणी बँड, पत्रकार, पहारेकरी आणि खाण्याच्या स्टॉलवरची पोरंही धरतात. तिकीट फोनवर गेलं की माणूस आला, असा हा हिशेब. दुसरा आकडा स्कॅनरचा. गेटवर 'टिंग' वाजलं की एक. हा आकडा दर पंधरा मिनिटांनी आमच्या पडद्यावर यायचा, आणि सामना संपला की ज्या चार-पाच लोकांना तो पाठवायचा त्यांच्याखेरीज कुणाला दिसायचा नाही.

या दोन आकड्यांत अंतर किती? २०१८ च्या ऑगस्टमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांकडून २०१७ च्या हंगामाचे स्कॅनचे आकडे मागवले. निम्म्याहून जास्त विद्यापीठांनी ते दिले. सरासरी काढली तर जाहीर आकड्याच्या ७१ टक्केच माणसं गेटमधून आत गेलेली होती. त्यातलं एक उदाहरण आमच्या ऑफिसात बरेच दिवस चघळलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचा नेब्रास्काशी घरच्या मैदानावर सामना झाला. जाहीर उपस्थिती ३९,९३३, स्कॅन झालेली तिकिटं २५,४९३. तो वाचून आमचे साहेब म्हणाले, "बिचाऱ्यांनी आकडे दिले, हीच त्यांची चूक."

म्हणजे तुमच्या त्या साठ हजारांच्या सामन्याला प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस हजार आले असतील, असा माझा अंदाज. मध्यंतरानंतर त्यातलेही बरेच गेले. तुमच्या डोळ्यांनी तुम्हाला फसवलं नाही.

आकडा फुगवायची गरज का पडते, तेही सांगतो. एनसीएए ही इथल्या कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था. वरच्या श्रेणीत, म्हणजे एफबीएसमध्ये राहायचं तर दोन वर्षांतून निदान एकदा तरी घरच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती १५ हजार हवी, असा तिचा नियम होता. ती उपस्थिती 'प्रत्यक्ष किंवा पैसे भरलेली' चालायची. त्या 'किंवा'वर कितीतरी छोटी विद्यापीठं तगली. शीतपेयाच्या कंपनीशी करार करायचा, त्यातच काही हजार तिकिटं किरकोळ भावाने तिच्या गळ्यात मारायची, आणि झाले १५ हजार. २०२३ मध्ये हा नियम काढूनच टाकला. मोठ्या विद्यापीठांना त्या नियमाची भीती नव्हतीच, त्यांना चिंता अब्रूची. नेब्रास्काच्या स्टेडियमचं प्रत्येक तिकीट १९६२ च्या नोव्हेंबरपासून खपत आलंय आणि सलग हाऊसफुल्ल सामन्यांची संख्या ४०० च्या पुढे गेलीय. २०२१ मध्ये ही माळ तुटायची वेळ आली, तेव्हा देणगीदारांनी उरलेली तिकिटं विकत घेऊन गरीब घरांतल्या मुलांना वाटली. मुलांचं भलं झालं आणि माळही राहिली. मला त्यात वाईट काही वाटत नाही, पण 'हाऊसफुल्ल' या शब्दाचा अर्थ तिथे काय झालाय तो लक्षात घ्या.

आता खरी गोष्ट. पुण्यात बालगंधर्वला हाऊसफुल्लचा बोर्ड लागला की आत खुर्च्या भरलेल्या दिसतात, कारण तिकीट काढणारा त्याच एका प्रयोगासाठी काढतो. इथे एका माणसाने सात प्रयोगांची तिकिटं एकदम, ती सुद्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून ठेवलेली असतात. नाटकं कुठली ते ठाऊक, वार शनिवार हेही ठाऊक, पण पडदा सकाळी अकराला उघडणार की संध्याकाळी साडेसातला, हे कुणालाच माहीत नसतं. रिकाम्या खुर्च्यांचं मूळ माझ्या मते या एका वाक्यात आहे. लोक सांगतात त्यातली बाकीची कारणं, महागाई, मोबाइलवेडी पिढी, संघ हरतो, ही खरी असली तरी दुय्यम आहेत.

सीझन तिकीट हा प्रकार नीट समजून घेतला की पुढचं सोपं जातं. हंगामात सामने बारा, त्यातले सहा-सात घरच्या मैदानावर. सगळ्यांचं मिळून एकच तिकीट. पण चांगल्या जागेचं तिकीट नुसत्या तिकिटाच्या किमतीत मिळत नाही. त्याआधी विद्यापीठाच्या क्रीडा निधीला दरवर्षी 'देणगी' द्यावी लागते. पन्नास यार्डाच्या रेषेजवळ, म्हणजे मैदानाच्या मध्यासमोर, बसायचं तर देणगीच तिकिटाच्या कितीतरी पट. १९८८ पासून या देणगीचा ८० टक्के भाग करातून वजा करता यायचा. २०१७ च्या कर कायद्याने ती सवलत गेली. त्या डिसेंबरात आमचे फोन दिवसभर वाजत होते, कारण वर्ष संपायच्या आत पुढच्या दोन-तीन वर्षांची देणगी भरून टाकायची लोकांची घाई चाललेली. ती आगाऊ भरलेली वर्षं संपली, आणि मग खरी गळती दिसली.

त्याच सुमाराला तिकिटांच्या फेरविक्रीचा बाजार फोनवर आला. पूर्वी मोठ्या सामन्याला आत जायचं तर सीझन तिकीट हाच भरवशाचा मार्ग होता. दुसरा मार्ग म्हणजे स्टेडियमबाहेर दोन बोटं वर करून उभा राहिलेला काळाबाजारवाला. आता शुक्रवारी रात्री फोन उघडला की कुठल्याही सामन्याचं, कुठल्याही रांगेतलं तिकीट मिळतं. मग हुशार माणूस काय करतो? सातातले दोन सामने निवडतो आणि देणगी वाचवतो. उरले निष्ठावंत, म्हणजे वडिलांच्या काळापासून त्याच चार खुर्च्या धरून बसलेले. ते तिकीट सोडत नाहीत, पण सातही सामन्यांना येतही नाहीत. नको असलेल्या सामन्याचं तिकीट विकायला गेलं तर चार-पाच डॉलरही येत नाहीत, म्हणून विकायचा खटाटोपही करत नाहीत. ते तिकीट फोनमध्ये पडून राहतं. जाहीर आकड्यात ते मोजलं जातं, स्कॅनरला मात्र दिसत नाही.

म्हणूनच महागाईचं कारण मला अर्धवट वाटतं. चार डॉलरला मिळणाऱ्या तिकिटालाही गिऱ्हाईक नसेल, तर अडचण तिकिटाच्या किमतीत नाही, शनिवारच्या किमतीत आहे.

शनिवारची किंमत कशी चढते पाहा. आमचे निम्म्याहून जास्त सीझन तिकीटवाले दीड-दोन तासांच्या अंतरावरून गाडीने यायचे. सामना किती वाजता हे टीव्हीवाले बहुतेक वेळा बारा दिवस आधी ठरवतात. तेव्हाही त्यांना नीट ठरवता आलं नाही तर सहा दिवस आधी. सोमवारी सकाळी वेळ जाहीर झाली की आमच्या टेबलावरचे फोन सुरू. मुलाची सॉकरची मॅच आहे, आईला डायलिसिसला न्यायचंय, रविवारी चर्चमध्ये वाचन आहे, संध्याकाळचा सामना धरला तर घरी पोचायला रात्रीचे दोन वाजतील. एक शेतकरी आजोबा दरवर्षी फोन करायचे, "मुला, सोयाबीन कापायचं कधी ते मला आभाळ आठवडाभर आधी सांगतं. तुम्हाला साधी वेळ सांगता येत नाही?" मी 'सॉरी सर' म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? वेळ आमच्या हातात नव्हतीच, ती विकलेली होती.

आत आल्यावर वेगळी कथा. घड्याळी खेळ साठ मिनिटांचा, पण सामना चालतो तीन तास वीस मिनिटांच्या आसपास. त्यात मध्यंतराची वीस मिनिटं बँडची. ती मला कधीच जड वाटली नाहीत, उलट बँडसाठीच येणारे लोक मी पाहिलेत. जड जातात त्या जाहिरातींच्या सुट्ट्या. मैदानाच्या कडेला लाल टोपी घातलेला एक माणूस उभा असतो. त्याने हात खाली करेपर्यंत खेळ सुरू होत नाही, कारण घरी बसलेल्या लोकांच्या पडद्यावर ट्रकची आणि विम्याची जाहिरात चाललेली असते. घरचा माणूस तेवढ्यात चहा करून येतो. सप्टेंबरच्या उन्हात तापलेल्या ॲल्युमिनियमच्या बाकावर बसलेला माणूस लाल टोपीकडे बघत राहतो. २०२३ पासून घड्याळाचा नियम थोडा बदलला. फर्स्ट डाऊन मिळाला, म्हणजे संघ चेंडू घेऊन ठरलेले दहा यार्ड पुढे सरकला, की पूर्वी घड्याळ थांबायचं, ते आता दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांतच थांबतं. त्याने खेळाचे डाव कमी झाले, जाहिराती नाही.

हे सगळं कालपरवाचं नाही. टीव्हीने स्टेडियम रिकामं होईल ही भीती विद्यापीठांना १९५१ मध्येच वाटली होती. तेव्हा एनसीएएने सरळ बंदीच घातल्यासारखं केलं. आठवड्याला मोजकेच सामने दाखवायचे आणि एका संघाला वर्षात किती वेळा पडद्यावर यायचं तेही संस्थेनेच ठरवायचं. ही व्यवस्था तीस वर्षांहून जास्त टिकली. मग ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी कोर्टाचा रस्ता धरला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही मक्तेदारी मोडली. विरोधातल्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाकडून खेळलेले, १९३० च्या दशकातले देशभर गाजलेले फुटबॉलपटू. फुटबॉल आतून पाहिलेला तो एकटा माणूस सांगत होता की हा बाजार मोकळा सोडू नका. निकाल कायद्याने बरोबरच होता असं मला वाटतं, पण व्हाइट यांचं म्हणणं मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत जास्त पटायला लागलं. निकालानंतर प्रत्येक परिषद, म्हणजे संघांचा गट, आपापले हक्क विकायला मोकळी झाली. २०२२ मध्ये बिग टेन परिषदेने तीन वाहिन्यांशी केलेला करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरांच्या वरचा आहे. एवढे पैसे मोजणारा वेळही स्वतःच ठरवणार.

छोट्यांची स्थिती आणखी केविलवाणी. ओहायो, मिशिगन या पट्ट्यातली मिड-अमेरिकन परिषद नोव्हेंबरात मंगळवारी आणि बुधवारी रात्री खेळते, कारण त्या रात्री टीव्हीवर दुसरा फुटबॉल नसतो आणि देशभरच्या लोकांना तेवढा वेळ त्यांचं तोंड दिसतं. बुधवारची रात्र, तापमान शून्याच्या खाली, दुसऱ्या दिवशी कामाला आणि वर्गाला जायचं. स्टँडमध्ये बसलेली माणसं बोटांवर मोजावीत अशी. देशभर नाव दिसण्यासाठी घरच्या प्रेक्षकांवर पाणी सोडायचं, हा सौदा त्यांनी समजून-उमजून केलाय.

विद्यार्थ्यांबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात जास्त चुकीचं. २०१० नंतरच्या काही वर्षांत सगळ्या क्रीडा संचालकांनी एक निदान करून टाकलं होतं. पोरांना फोनला रेंज मिळत नाही, म्हणून ती जातात. मग स्टेडियमात वाय-फाय बसवायला कोट्यवधी डॉलर ओतले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रेंज आली, पोरं तरी गेलीच. मी तीन वर्षं विद्यार्थ्यांच्या गेटवर उभा राहून त्यांना विचारायचो. उत्तरं साधी होती: समोरचा संघ फालतू आहे, भूक लागलीय, ऊन आहे, आणि सगळे मित्र बाहेर आहेत. ते 'बाहेर' म्हणजे टेलगेट. स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे शेगड्या पेटवून सकाळपासून चाललेली जत्रा. आपल्याकडे जत्रेला येऊन देवळात न जाणारे असतातच की. इथेही कित्येकांना जत्राच पुरते, सामना शेजारच्या गाडीतल्या टीव्हीवर दिसतो.

यात समोरचा संघ फालतू असण्याला मी बरंच वजन देतो. सातातले दोन-तीन सामने मोठी विद्यापीठं मुद्दाम लहान संघांना पैसे देऊन बोलावतात, हमखास जिंकण्यासाठी. तिकिटात तेही धरलेले असतात. कधी पासा उलटाही पडतो. २००७ मध्ये मिशिगनने ॲपलाशियन स्टेटला असंच बोलावलं आणि एक लाखाच्या वर लोकांसमोर ३४-३२ ने हार खाल्ली. पण असं वीस वर्षांतून एकदा. एरवी मध्यंतरालाच ४२-३ झालेलं असतं. जाणारा विद्यार्थी मूर्ख नसतो.

त्यांना थांबवायचे उपायही एकेक निघाले. अलाबामाने २०१९ मध्ये ॲप काढलं. विद्यार्थी आला की शंभर गुण, चौथ्या म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत थांबला तर आणखी अडीचशे. गुण जमले की मोठ्या सामन्यांच्या तिकिटाला आधी नंबर. फोनच्या ठिकाणावरून पोरगं आत आहे की पळालं ते कळायचं. तेव्हाचा देशातला सगळ्यात यशस्वी संघ आणि त्याला आपल्याच पोरांची हजेरी घ्यावी लागली! मिशिगनने उलट्या दिशेने हात पोळून घेतले. विद्यार्थ्यांचं सीझन तिकीट तीनशे डॉलरच्या जवळ नेलं, विक्री कोसळली. २०१४ च्या सप्टेंबरात तर दोन कोकाकोला घेतल्यावर दोन तिकिटं अशी योजना बाहेर आली आणि देशभर हसं झालं. ऑक्टोबर संपताना क्रीडा संचालकांनी राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांचं तिकीट १७५ डॉलरवर आलं. या सगळ्यात मिशिगनची दर सामन्याला एक लाखाच्या वर उपस्थितीची १९७५ पासूनची माळ मात्र तुटली नाही. जाहीर उपस्थितीची, अर्थात.

ज्याचा उपयोग होताना मी पाहिला अशा गोष्टी थोड्या आणि सगळ्या बिनझगमगाटी. फुकट थंड पाणी, सावली, आणि मध्यंतरात न तुंबणारी स्वच्छतागृहं. बियर हाही एक. पूर्वी बहुतेक कॅम्पसवर सामान्य स्टँडमध्ये बियर विकत नसत, मग लोक मध्यंतरात टेलगेटवर जाऊन पिऊन यायचे, किंवा यायचेच नाहीत. वेस्ट व्हर्जिनियाने २०११ मध्ये मध्यंतरात बाहेर जाऊन परत आत यायची मुभा काढून घेतली आणि आतच बियर ठेवली. पैसे मिळाले आणि दंगाही कमी झाला. दक्षिणेतल्या एसईसी परिषदेने आपली बंदी २०१९ मध्ये उठवली. त्याच परिषदेने २०२४ पासून आणखी एक शहाणपणा केला: सामना सकाळचा, दुपारचा की रात्रीचा, एवढं तरी जूनमध्येच सांगायचं. काही सामने 'बघू' या खान्यात राहतात, पण बाकीच्यांची हॉटेलं तरी वेळेवर ठरतात. आमच्याकडे हे दहा वर्षं आधी झालं असतं तर त्या सोयाबीनवाल्या आजोबांनी तिकीट सोडलं नसतं. त्यांनी ते ज्या वर्षी सोडलं त्याच्या आधीच्या हंगामात त्यांच्या चार खुर्च्या सातातल्या पाच सामन्यांना स्कॅनच झाल्या नव्हत्या. खुर्ची आधी एक वर्ष रिकामी राहते, मग तिकीट परत येतं. हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला की शेवटी मी रिकाम्या खुर्च्यांच्या यादीवरूनच पुढच्या वर्षी फोन कुणाला करायचा ते ठरवायचो. वरच्या मजल्यावर ही यादी फारशी कुणाला नको असायची. तिकीट खपलंय ना, मग झालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कशाच्या जोरावर चालतं. टीव्हीच्या पैशावर, हे अर्धं उत्तर. तिकीट आणि देणगी यांचा वाटा अजूनही मोठा आहे, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागल्यापासून तो जास्तच लागतो. एका विद्यापीठाला वर्षाला साधारण दोन कोटी डॉलर वाटता येतात. टेनेसीने ते येणार हे ओळखून २०२५ च्या सीझन तिकिटावर दहा टक्के 'टॅलेंट फी' लावली आणि लोकांनी ती भरलीही, कारण संघ जिंकत होता. शिवाय टीव्हीला स्वतःलाच गर्दी हवी असते. २०२० च्या हंगामात कित्येक ठिकाणी पुठ्ठ्याची माणसं खुर्च्यांवर ठेवून आणि आवाजाची टेप लावून सामने झाले, तेव्हा ते सगळ्यांना कळलं. आमच्याकडे पडेल सामन्यांना वरच्या रांगांतल्या लोकांना खाली बोलवायचो. आणि खाली म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला नाही.

काहींनी खुर्च्याच कमी केल्या. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नने ४७ हजारांचं जुनं स्टेडियम पाडून ३५ हजारांचं नवं बांधायला घेतलं. ॲरिझोना स्टेटने सत्तर हजारांवरून पन्नास-पंचावन्न हजारांवर आणलं. बाकांच्या जागी खुर्च्या, खुर्च्यांच्या जागी काचेच्या खोल्या. हिशेबाला ठीक आहे. पण काढलेल्या खुर्च्या नेहमी स्वस्तातल्याच असतात, आणि दहा वर्षांचं पोरगं बापाबरोबर पहिल्यांदा जिथून सामना बघतं ती जागा तीच.

तरीही 'कॉलेज फुटबॉल संपला' असं म्हणू नका. वरच्या श्रेणीची सरासरी उपस्थिती २०१८ मध्ये ४१,८५६ वर आली होती, १९९६ नंतरची सगळ्यात कमी. पण ती सरासरी आहे. मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम ही लाखाच्या वरची स्टेडियमं आजही भरतात आणि महासाथीनंतर एकूण आकडेही सावरले आहेत. लोकांना एकत्र जमायची भूक किती आहे ते पाहायचं तर २०२३ च्या ऑगस्टमधलं नेब्रास्का आठवा. त्याच फुटबॉल स्टेडियमात मुलींच्या व्हॉलीबॉलला ९२,००३ माणसं आली होती. एकच संध्याकाळ, तारीख आणि वेळ कित्येक महिने आधी सांगितलेली.

जाता जाता आपल्या लोकांपुरतं. आमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम सप्टेंबरातल्या शनिवारी, कॅम्पसजवळच्या शाळेत असायचा. एका वर्षी घरच्या सामन्याची वेळ दुपारची ठरली. आरतीला माणसं पोचली दीड तास उशिरा, मोदकांचे डबे मांडीवर घेऊन ट्रॅफिकमध्ये. तेव्हापासून मंडळाच्या सभेत हॉलची तारीख ठरवण्याआधी सगळे माझ्याकडे बघायचे. मी काय सांगणार? मलाही बारा दिवस आधीच कळायचं.

तुम्ही ऑक्टोबरात येताय, तर जरूर जा, पण सामना निवडून. मुलीला विद्यापीठाच्या वेळापत्रकात 'होमकमिंग', म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात तो सामना, कुठला ते बघायला सांगा, किंवा शेजारच्या राज्याशी असलेला जुन्या वैराचा सामना. तो दुपारचा असेल तर उत्तमच. तिकीट आधीपासून घेऊ नका. वैराचा सामना सोडला तर गुरुवार-शुक्रवारी फेरविक्रीत भाव उतरतात. जागा विद्यार्थ्यांच्या स्टँडच्या समोरच्या बाजूला आणि थोडी वर घ्या, म्हणजे बँडची कवायत नीट दिसेल. पाठीवरची किंवा खांद्यावरची जाडजूड पिशवी आत नेऊ देत नाहीत, पारदर्शक प्लास्टिकची लागते. तुमची शाल तीत घालून न्या, सूर्य स्टँडच्या मागे गेला की बाक लगेच गार पडतो. किकऑफच्या निदान पंचेचाळीस मिनिटं आधी आत पोचा, कारण बँड बोगद्यातून मैदानात धावत येतो तो क्षण टीव्हीवर दाखवतच नाहीत, तेव्हा तिथे जाहिरात चालू असते.